रमाबाई कोणत्या पत्रात बोलतात?

‘ऐतिहासिक असावी, पण तिच्यात प्रेमही असावे’ ही मराठी वाचकाची कादंबरीकडून जुनी मागणी आहे. जुनी म्हणजे किती, तर दीडशे वर्षांहून अधिक. १८६८ साली नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ प्रसिद्ध झाली. राजपुत्र, राजकन्या, विरह आणि मीलन, सगळे साहित्य तिच्यात आहे. नाही तो फक्त इतिहास. तिच्यानंतर अवघ्या तीन वर्षांनी, १८७१ साली, रामचंद्र भिकाजी गुंजीकरांची ‘मोचनगड’ आली. गड कल्पित, माणसेही बहुतेक कल्पित, पण काळ मात्र शिवाजीमहाराजांचा. राजपुत्राच्या जागी गडावरचा माणूस उभा राहिला आणि मराठी वाचकाला आपल्याच सह्याद्रीत प्रेमकथा सापडली. तेव्हापासून फराळाच्या ताटाशेजारी एक जाडजूड ऐतिहासिक कादंबरी ठेवण्याची जी सवय आपल्याला लागली, ती आजतागायत सुटलेली नाही. सुटू नये असे माझ्यासारख्या मॅट्रिकपाशी थांबलेल्या मास्तराला मनापासून वाटते. कारण माझे अर्धे शिक्षण अशाच पुस्तकांनी केले आहे.

तेव्हा या सुट्टीत काय वाचावे, असे मला कोणी विचारले, तर सुरुवात हरिभाऊ आपट्यांपासून करा असे मी सांगेन. हरिभाऊंना पदवी मिळाली नाही. गणिताने त्यांना कॉलेजात अडवले. ही गोष्ट मी वर्गात मुद्दाम सांगतो, आणि गणिताचे शिक्षक माझ्याकडे रागाने पाहतात. १८९० साली त्यांनी ‘करमणूक’ हे साप्ताहिक सुरू केले आणि १८९५ पासून त्यात ‘उषःकाल’ येऊ लागली. रायगडावरच्या समाधीच्या जीर्णोद्धारासाठी टिळकांनी चळवळ उभारली तीही १८९५ सालीच. आठवड्याला थोडी थोडी अशी कादंबरी वाचणे म्हणजे काय, हे पाचशे पाने एका बैठकीत संपवणाऱ्या आपल्याला कळायचे नाही.

‘उषःकाल’मध्ये रंगराव अप्पा हा विजापूर दरबारशी एकनिष्ठ असलेला किल्लेदार आहे, आणि त्याचा मुलगा नानासाहेब शिवाजीकडे ओढला जातो आहे. बापाचे मीठ एकीकडे आणि मुलाचे मन दुसरीकडे. आता विचार करा, १८९५ साली पुण्यातल्या किती घरांत सरकारी नोकरीतला बाप आणि ‘केसरी’ वाचणारा मुलगा एकाच पंक्तीला जेवत असतील! कथा सतराव्या शतकातली, पण भांडण वाचकाच्या माजघरातले. कादंबरी पोटात शिरते ती अशी.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांचा ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेतला पहिला खंड निघाला १८९८ साली. भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले १९१० साली. म्हणजे ‘उषःकाल’ लिहून झाली तेव्हा पुढे ज्यांच्या आधाराने इतिहास लिहिला गेला ते कितीतरी कागद अजून वाड्यांच्या माळ्यांवर रुमालांत बांधून पडले होते. आपली कादंबरी कागदांच्या आधी धावली. तिने मराठी मनात माणसे उभी केली, आणि मग मागाहून कागद हळूहळू येऊन त्या माणसांच्या शेजारी बसू लागले. कधी जागा जुळली, कधी नाही जुळली.

न जुळल्याचे उदाहरण हवे तर ‘गड आला पण सिंह गेला’ घ्या. ही १९०३ सालची. तानाजी कोंढाण्यावर पडला तो १६७० सालच्या फेब्रुवारीत, हे पक्के. पण कोंढाण्याला सिंहगड हे नाव तानाजीमुळेच पडले असे जे आपण सगळे धरून चालतो, ते कागदांना मान्य नाही. त्याआधीच्या पत्रांतही ‘सिंहगड’ हे नाव आले आहे. आणि कमलकुमारी? सती जायला निघालेल्या त्या रजपूत स्त्रीला उदयभानू पळवून आणतो आणि तिच्या सुटकेची कथा गडाच्या लढाईत गुंफली जाते. ही सारी हरिभाऊंची निर्मिती. माझ्या पाहण्यात अशी उत्तरपत्रिका आली आहे की जिच्यात तानाजीच्या मोहिमेचे पहिले कारण म्हणून कमलकुमारीची सुटका लिहिलेली होती. मी त्या मुलाचे गुण कापले खरे, पण मनातल्या मनात हरिभाऊंना नमस्कारही केला. तेहतीस वर्षे शिकवून शिक्षकाला जे साधत नाही ते त्यांनी शे-दीडशे पानांत साधले होते.

हरिभाऊंची अखेरची ऐतिहासिक कादंबरी ‘वज्राघात’. ती मात्र आज कपाटातून फारशी कोणी काढत नाही, आणि मला तिचे फार वाईट वाटते. विषय विजयनगरच्या नाशाचा. २३ जानेवारी १५६५ रोजी झालेल्या तालिकोटच्या लढाईत रामराजा मारला गेला आणि ते वैभवशाली नगर लुटले गेले. इतिहासकार सांगतात की रामराजाने वर्षानुवर्षे दक्षिणेतल्या सुलतानांना एकमेकांशी झुंजवले आणि शेवटी तेच त्याच्याविरुद्ध एक झाले. हरिभाऊ ही कारणे नाकारत नाहीत. पण त्यांच्या खाली ते आणखी एक कारण ठेवतात, मेहेरजान. तरुणपणी रामराजाने जिला वचन दिले आणि मग सोडले, ती ही स्त्री. आणि तिचा मुलगा रणमस्तखान आपल्या बापाला ओळखत नाही. असे काही घडले असे कोणताही कागद म्हणत नाही. पण मोठ्या माणसाने मागे टाकलेल्या एका बाईची आठवण हरिभाऊंनी साम्राज्याच्या पायाखाली पुरून ठेवली, ही कल्पना कादंबरीकाराची म्हणून मला फार मोठी वाटते. भाषा जुनी आहे, वाक्ये लांब आहेत. पहिली चाळीस पाने धीर धरा.

धीर धरणे ज्यांना जमत नाही त्यांच्यासाठी नाथमाधव आहेत. द्वारकानाथ माधव पितळे हे त्यांचे खरे नाव. १९०५ साली शिकारीच्या नादात ते सिंहगडाच्या कड्यावरून कोसळले आणि कमरेखालचे अंग लुळे पडले. पुढच्या तेवीस वर्षांत त्या माणसाने अंथरुणाला खिळून ज्या कादंबऱ्या लिहिल्या त्यांत घोडे सर्वांत वेगाने पळतात! ‘वीरधवल’ (१९१३) इतिहासात बसत नाही, अद्भुतात बसते. पण चौदा वर्षांच्या मुलाच्या हाती ती द्या आणि दिवाळीत तो मोबाईल विसरतो की नाही पाहा. स्वराज्याच्या स्थापनेवरची त्यांची मालाही अशीच वाचनीय. वि. वा. हडप यांची ‘कादंबरीमय पेशवाई’ जुन्या वाचनालयांत अजून सापडते. सगळे भाग ओळीने मिळाले तर ते नशीब समजावे.

पानिपताचे मात्र निराळे. राजवाड्यांचा पहिला खंड मुख्यतः त्याच काळातल्या पत्रांचा. ती पत्रे छापून झाली, इतिहासकार वाद घालू लागले, आणि १९१४ साली चिंतामणराव वैद्यांसारख्या इतिहासाच्या अभ्यासकाने कादंबरी लिहिली ती भाऊसाहेबांवर नव्हे, रंगू नावाच्या एका साध्या मुलीवर. ‘दुर्दैवी रंगू’! एवढ्या मोठ्या संहारातून त्यांना एक मुलगीच निवडावीशी वाटली. पुढे १९८८ साली विश्वास पाटलांची ‘पानिपत’ आली, तिचे लक्ष तोफा, धान्य, पैसा आणि उपासमार यांवर आहे, आणि ते योग्यच आहे. पण ती वाचून झाल्यावर रंगू शोधून काढा. एका घटनेकडे पाहायच्या या दोन खिडक्या आहेत, आणि दोन्हींतून येणारा वारा सारखाच गार आहे.

आता ना. सं. इनामदार. आकाशवाणीत नोकरी करणारा हा लेखक जणू इतिहासाच्या न्यायालयात बदनाम माणसांचे वकीलपत्र घेऊन उभा राहिला. ‘झेप’ (१९६३) त्र्यंबकजी डेंगळ्यांवर, ‘झुंज’ (१९६६) यशवंतराव होळकरांवर, ‘मंत्रावेगळा’ (१९६९) दुसऱ्या बाजीरावावर. शाळेच्या पुस्तकांत ज्यांच्या वाट्याला एक तिरस्काराची ओळ येत असे त्यांना त्यांनी शेकडो पाने दिली. वकील आहे हे ध्यानात ठेवून वाचावे, म्हणजे फसगत होत नाही आणि आनंदही कमी होत नाही.

त्र्यंबकजीची खरी हकीकतच अशी आहे की कादंबरीकाराला काही रचावेच लागू नये. गंगाधरशास्त्री पटवर्धनांचा १८१५ साली पंढरपुरात खून झाला, त्याचा ठपका ठेवून इंग्रजांनी त्र्यंबकजीला ठाण्याच्या किल्ल्यात डांबले. पहारा सारा गोऱ्यांचा. तिथे एक मराठी मोतद्दार एका साहेबाच्या नोकरीला राहिला. साहेबाचा घोडा खरारा करता करता तो कोठडीच्या बाजूने गाणी म्हणत फिरे. गोऱ्या शिपायांना वाटे, गडी आनंदी आहे. गाण्यात मात्र निरोप असत: साथीदार कुठे थांबले आहेत, घोडे कुठे बांधले आहेत. १८१६ सालच्या सप्टेंबरातल्या एका रात्री त्र्यंबकजी निसटला. पुढे तो पुन्हा पकडला गेला आणि त्याला चुनारच्या किल्ल्यात ठेवले. तिथे बिशप हेबर या इंग्रज धर्मगुरूने त्याला १८२४ साली पाहिले आणि ती गाण्याची हकीकत आपल्या प्रवासवर्णनात नोंदवून ठेवली. मराठी न कळणाऱ्या पहाऱ्यामुळे मराठी माणूस सुटला! आज त्याच ठाण्याच्या किल्ल्यात मध्यवर्ती तुरुंग आहे. तिथून लोकलने जाताना ‘झेप’ची आठवण ठेवा.

इनामदारांची ‘राऊ’ (१९७२) ही पहिल्या बाजीरावाची आणि मस्तानीची. प्रेमकथा हवी असणाऱ्या वाचकाला मी हीच देतो, पण एक सूचना करून. मस्तानीविषयी दंतकथा फार आणि समकालीन कागद फार थोडे. विडा खाताना तिच्या गळ्यातून लाली दिसे, ही दंतकथा सगळ्यांना पाठ असते. बाजीराव मोहिमेवर असताना घरच्या मंडळींनी तिला पुण्यात अडकवून ठेवले, हे मात्र पत्रांतले. २८ एप्रिल १७४० रोजी नर्मदेकाठी रावेरखेडीला बाजीराव गेला. त्यानंतर लवकरच मस्तानीही गेली. कशी गेली याच्या तीन कथा आहेत, आणि त्या तिन्ही सांगणाऱ्याच्या स्वभावाप्रमाणे बदलतात. शिरूर तालुक्यातल्या पाबळला तिची कबर आहे. कोथरूडच्या तिच्या महालाचे अवशेष राजा केळकर संग्रहालयात उभे केले आहेत. तिचा मुलगा समशेरबहादर पुढे मराठ्यांच्या बाजूने पानिपतावर लढला आणि जखमांनी मेला; वय सत्तावीस. ‘राऊ’ संपवून डोळे पुसून झाले की या मुलाचा विचार करा. त्याला बापाचे घराणे पूर्णपणे मिळाले नाही आणि त्या घराण्यासाठी मरण मात्र मिळाले. त्याच्यावर एखादी तरुण लेखणी पुन्हा बसावी असे मला फार वाटते.

रणजित देसायांची ‘स्वामी’ मी मुद्दाम मागे ठेवली. १९६२ साली ती आली, १९६४ साली तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, आणि तेव्हापासून महाराष्ट्रातल्या किती घरांत तिने रात्रीची निजानीज लांबवली असेल! सोळाव्या वर्षी पेशवेपदावर आलेला माधवराव, घरातला चुलता हाच मोठा शत्रू, राक्षसभुवनचा १७६३ सालचा विजय, रामशास्त्र्यांसारखा न्यायाधीश, आणि क्षयाने पोखरलेली छाती. १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊरला, चिंतामणीच्या आवारात, सत्ताविसाव्या वर्षी तो वारला आणि रमाबाई सती गेल्या. ‘स्वामी’ ही उत्तम कादंबरी आहे याविषयी माझ्या मनात शंका नाही. घरातली शांत माया मराठीत फार थोड्यांना लिहिता आली, ती देसायांना आली.

दोन वर्षांपूर्वी नववीच्या वर्गात पेशवाईचा धडा चालू असताना एका मुलीने हात वर केला. तिने सुट्टीत ‘स्वामी’ वाचली होती. “सर, रमाबाई जे बोलतात ते कोणत्या पत्रात आहे?”

मी म्हटले, “कोणत्याच नाही. ते लेखकाने लिहिले आहे.”

“मग त्यांना जायचंच होतं हे कसं कळलं?”

वर्ग हसला नाही. मीही लगेच काही बोललो नाही.

मी स्वतः दोन-तीन कादंबऱ्या लिहिल्या आहेत. संवाद कसा तयार होतो हे मला ठाऊक आहे. माधवरावाच्या कारभाराचे कागद ढिगांनी आहेत. मोहिमांचे, वसुलाचे, चुलत्याशी झालेल्या तहांचे. मृत्यूपूर्वी त्याने जे लिहवून ठेवले त्यात राज्याचे कर्ज फेडण्याची चिंता आहे. सत्तावीस वर्षांचा मुलगा मरताना सावकारांची देणी मोजतो आहे, हे वाचून मला कोणत्याही कादंबरीपेक्षा अधिक गलबलून आले होते. पण नवराबायकोचे बोलणे कागदांवर येत नाही. तिथे कागद गप्प असतात आणि कादंबरीकार बोलू लागतो. त्याने बोलावेच, ती जागा त्याचीच आहे. प्रश्न एवढाच की तो काय बोलतो आणि ते आपण काय म्हणून ऐकतो.

‘स्वामी’त रमाबाईंचे जाणे हे प्रेमाचे शिखर होऊन येते, आणि आपण रडतो. पण त्या मुलीच्या प्रश्नाला बगल देता येणार नाही. रमाबाईंना मूलबाळ नव्हते. नवरा गेला. पुढे त्यांच्यापुढे कोणते आयुष्य होते? हे ज्याला पाहायचे असेल त्याने पेशव्यांवरचे पुस्तक उघडू नये. हरिभाऊ आपट्यांकडे परत यावे. ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही त्यांची कादंबरी १८९० पासून ‘करमणुकी’त आली. तिच्यातली यमू नवरा गेल्यावर माणसांच्या घरात राहते आणि शंकरमामंजींच्या हुकमाने तिच्या केसांवर वस्तरा चालतो. हे माधवरावानंतर शंभराहून अधिक वर्षांनी, सतीबंदीचा १८२९ सालचा कायदा होऊनही साठ वर्षांनी, शिकल्यासवरल्या पुण्यात! मग १७७२ साली पेशव्यांच्या घरातल्या निपुत्रिक विधवेसमोर काय असेल? पत्नीप्रेम असेलही, मी नाही म्हणत नाही. पण चितेच्या दुसऱ्या बाजूला जे उभे होते ते ‘स्वामी’च्या पानांत दिसत नाही, यमूच्या पानांत दिसते.

यातली मौज अशी की कमलकुमारीला सती निघालेली दाखवून वाचकांना रडवणारे आणि यमूवरचा वस्तरा दाखवून वाचकांची झोप उडवणारे हरिभाऊ एकच. इतिहासात गेले की त्यांची लेखणी नमस्कार करी आणि आपल्या काळात आले की तीच लेखणी जाब विचारी. हा दोष त्यांच्या एकट्याचा नव्हे. आपल्या साऱ्या ऐतिहासिक कादंबरीची ही खोड आहे. बाई गेली की देवी, राहिली की कारस्थानी. रमाबाई गेल्या, त्यांना वृंदावन मिळाले. त्याच घरातल्या आनंदीबाई राहिल्या, त्यांना ‘ध’चा ‘मा’ मिळाला. आणि नारायणरावाच्या १७७३ सालच्या खुनाची ती अक्षरबदलाची गोष्ट ज्या चिठ्ठीवर उभी आहे ती चिठ्ठी आज कोणी दाखवू शकत नाही.

आता कोणी म्हणेल, मास्तर, सणाच्या दिवसांत कशाला ही चिता पेटवता? दोनशे वर्षांपूर्वीची गोष्ट ती. मी म्हणतो, दोनशे नव्हे. १९८७ साली राजस्थानात देवराळा गावी अठरा वर्षांची विधवा जळाली आणि तिच्या नावाने जयजयकार करायला हजारो माणसे जमली, म्हणून सतीच्या उदात्तीकरणाविरुद्ध नवा कायदा करावा लागला. त्या माणसांनी इतिहासाची साधने वाचली नव्हती, गोष्टी ऐकल्या होत्या. थेऊरला गणपतीच्या दर्शनाला जाणारे पुष्कळ; नदीकाठी रमाबाईंच्या वृंदावनाशी थांबणारे त्या मानाने थोडे. थांबलात तर हळद-कुंकू वाहण्याआधी क्षणभर त्या मुलीचा प्रश्न आठवा.

गो. नी. दांडेकर राहिलेच. ‘बया दार उघड’पासून ‘झुंजार माची’पर्यंतच्या त्यांच्या शिवकालीन कादंबऱ्यांत तुम्हांला दंतकथेतल्या राण्या फारशा भेटणार नाहीत, शेतातली, गडावरची, होडीवरची माणसे भेटतील. गड पायांनी तुडवून लिहिलेले गद्य कसे असते ते तिथे पाहावे. कारंज्या तळून झाल्यावर, दुपारच्या निवांत वेळी, मोठ्याने वाचायला याच सर्वांत चांगल्या.

त्या नववीतल्या मुलीला मी दुसऱ्या दिवशी ‘पण लक्षात कोण घेतो?’ दिली आणि ‘स्वामी’ही पुन्हा दिली; म्हटले, दोन्ही शेजारी शेजारी ठेवून वाच. ‘स्वामी’ चार दिवसांत परत आली. दुसरे पुस्तक मात्र येईना. महिन्याने चौकशी केली, तर म्हणाली, “सर, ते आजीनं ठेवून घेतलंय. ती रोज चारच पानं वाचते. तिच्या आत्याचं असंच झालं होतं म्हणते, आणि पुढं मग कुणाशी बोलत नाही.”

मी वहीतल्या परतीच्या तारखेवर रेघ मारली आणि तिथे काही लिहिले नाही.